वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली का?

१. बाहेरच्या खोलीतला प्रश्न

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाला भेटून नातेवाईक बाहेरच्या खोलीत आले, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "त्यांना कळतंय का हो काही?" प्रश्न समजण्यासारखा आहे. कालपर्यंत व्यवस्थित बोलणारा माणूस आज एक वाक्य पुरे करू शकत नाही. पाणी हवे असताना 'पंखा' म्हणतो, मुलाला भावाच्या नावाने हाक मारतो, नाहीतर काहीही विचारले तरी 'हो हो' एवढेच म्हणतो. आपण माणसाची बुद्धी जोखतो ती मुख्यतः त्याच्या बोलण्यावरून. त्यामुळे बोलणे विस्कटले की आतले सगळेच विस्कटले, असा निष्कर्ष आपण नकळत काढून मोकळे होतो. मग त्या माणसाशी लहान मुलासारखे बोलले जाते, त्याच्या देखत त्याच्याविषयी चर्चा होते, आणि घरच्या व्यवहारांतून त्याचे मत विचारणे बंद होते.

मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते तेव्हा डॉक्टर त्याला 'अफेजिया' म्हणतात. मराठीत 'वाचाघात' हा शब्द वापरला जातो. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना तो कमी-अधिक प्रमाणात होतो. डोक्याला मार लागल्याने, मेंदूतल्या गाठीने किंवा मेंदूज्वरानेही तो होऊ शकतो. दीडशेहून अधिक वर्षे या रुग्णांचा बारकाईने अभ्यास झाला आहे आणि निरोगी मेंदूत भाषा कशी चालते याविषयीचे आपले बरेचसे ज्ञान त्यातूनच आले आहे. त्या अभ्यासाचा कल एका दिशेने जातो : भाषा हे मेंदूचे एक स्वतंत्र काम आहे, ते स्वतः अनेक लहान कामांच्या जुळणीतून होते, आणि ते बिघडले तरी विचार करण्याची शक्ती बरीचशी शाबूत राहू शकते. हे का मानायचे, आणि कुठपर्यंत मानायचे, ते या प्रकरणात क्रमाने पाहू.

२. उच्चार, भाषा आणि विचार

आधी तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. जीभ, ओठ, टाळू आणि श्वास यांच्या हालचालीतून आवाज काढणे म्हणजे उच्चार. योग्य शब्द शोधणे, त्यांना प्रत्यय लावणे, त्यांचे वाक्य करणे आणि दुसऱ्याचे वाक्य उलगडणे म्हणजे भाषा. ओळखणे, ताडून पाहणे, हिशेब करणे, बेत आखणे, चूक पकडणे हा विचार. रोजच्या जगण्यात या तिन्ही गोष्टी इतक्या एकजीव होऊन चालतात, की त्या वेगळ्या आहेत हे जाणवतच नाही. त्यांतली एक बंद पडली की मग फरक दिसतो.

उच्चार आणि विचार यांतला फरक इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन याने स्वतःवरच पडताळून पाहिला होता. १७ जून १७८३ च्या रात्री, लंडनमध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी त्याला झटका आला. डोक्यात काहीतरी गोंधळ झाल्याचे जाणवताच त्याने देवाला विनवले, की शरीराचे काहीही होवो, बुद्धी तेवढी राहू दे. बुद्धी खरोखर राहिली आहे का हे तपासण्यासाठी ही प्रार्थना त्याने मनातल्या मनात लॅटिन पद्यात रचली. ओळी काही खास जमल्या नाहीत. पण त्या जमल्या नाहीत हे आपल्याला कळले, यावरूनच त्याने बुद्धी जागेवर असल्याचा निर्वाळा स्वतःला दिला. वाचा गेल्याचे त्याच्या लक्षात आले ते त्यानंतर. सकाळी त्याने शेजाऱ्याला चिठ्ठी लिहिली. लिहिताना हात मधूनच भलतीच अक्षरे काढत होता आणि तेही त्याच्या ध्यानात येत होते. दोन दिवसांनी पत्रातून हा सगळा प्रकार त्याने स्वतःच कळवला. त्याचा आवाज बंद होता, लिहिण्यात किंचित गडबड होती, पण चांगले-वाईट पारखणारी नजर तशीच होती.

जॉन्सनची भाषा मात्र बऱ्याच अंशी वाचली होती. पद्य रचायला भाषा लागतेच. भाषाच गेली तर काय उरते, हा पुढचा आणि अवघड प्रश्न आहे.

३. 'तां' म्हणणाऱ्या रुग्णाची बोटे

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण २१ वर्षे राहत होता. वयाच्या तिशीत त्याचे बोलणे गेले आणि काहीही विचारले तरी तो 'तां, तां' एवढेच म्हणे. फार चिडला की तोंडून एक शिवी मात्र स्पष्ट बाहेर पडे. काही वर्षांनी त्याचा उजवा हात लुळा पडला, मग पायही. एप्रिल १८६१ मध्ये पाय सडू लागल्याने त्याला शल्यचिकित्सक पॉल ब्रोका याच्याकडे आणण्यात आले. ब्रोकाने त्याला विचारले, इथे येऊन किती वर्षे झाली? लबोर्न्यने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवले. चार पंजे म्हणजे वीस, वर एक, एकूण २१. उत्तर बरोबर होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न केला, पुन्हा तेच उत्तर आले. एकही शब्द हाताशी नसताना या माणसाने प्रश्न समजून घेतला, वर्षांचा हिशेब केला आणि तो सांगण्याची युक्तीही शोधली.

१७ एप्रिलला लबोर्न्य वारला. ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात खालच्या अंगाला मोठी इजा दिसली. त्याच वर्षी लेलाँ नावाचा ८४ वर्षांचा दुसरा रुग्ण त्याला भेटला. याच्याकडे मोजून पाच शब्द उरले होते, आणि त्याच्याही मेंदूत इजा जवळपास त्याच जागी होती. अशी आणखी प्रकरणे तपासून १८६५ मध्ये ब्रोकाने जाहीर केले, की आपण डाव्या मेंदूने बोलतो. उजव्या हाताने काम करणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांची भाषा डाव्या गोलार्धात असते, आणि डावखुऱ्यांतही बहुसंख्यांची तिथेच असते, हे पुढे वेगवेगळ्या पद्धतींनी सिद्ध झाले. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. म्हणून वाचाघाताबरोबर अनेकदा उजवा हात आणि उजवा पायही जातो.

अशा रुग्णांचे बोलणे तुटक असते. प्रत्येक शब्दासाठी धडपड करावी लागते. 'काल... दवाखाना... मुलगा... गाडी' असे मोजके, पण अर्थाचे शब्द येतात. त्यांना जोडणारी क्रियापदे आणि प्रत्यय येत नाहीत. आपल्याला काय म्हणायचे आहे हे रुग्णाला ठाऊक असते आणि ते म्हणता येत नाही हेही ठाऊक असते. त्याच्या चिडण्याचे आणि रडण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

४. बोलणे अस्खलित, अर्थ गायब

१८७४ मध्ये कार्ल वेर्निके या अवघ्या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टरने दुसऱ्याच तऱ्हेचे रुग्ण वर्णिले. त्यांचे बोलणे भरभर आणि सुरात चालते, प्रत्यय जागच्या जागी असतात, पण अर्थ हाती लागत नाही. शब्द चुकीचे येतात, कधी मुळात नसलेलेच शब्द येतात. 'ते तसं केलं ना, म्हणजे तिकडचं ते फळवण आलं, मग आम्ही बसलो त्यात' अशा थाटाचे ते बोलणे असते. दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट उलगडत नाही. इजा असते डाव्या कानामागच्या, आवाज ओळखणाऱ्या भागाच्या शेजारी. यांना हातापायाचा लकवा अनेकदा नसतो आणि आपले बोलणे बिघडले आहे याची जाणीवही कमी असते. म्हणून घरच्यांना वाटते, माणूस भ्रमिष्ट झाला.

वेर्निकेचा खरा पराक्रम पुढे होता. ऐकलेल्या शब्दांचे भाग एकीकडे आणि बोलण्याचे भाग दुसरीकडे असतील, तर त्यांना जोडणारे तंतू असणारच. आणि ते तंतू तेवढे तुटले तर काय होईल, असा विचार त्याने केला. दोन्ही टोके शाबूत राहून त्यांच्यातला दुवा तुटल्याचा एक तिसराच प्रकार दिसायला हवा, असे भाकीत त्याने केले. तसे रुग्ण खरोखर आढळले. त्यांना बोललेले समजते, स्वतःहून बोलताही येते, पण 'माझ्यामागून म्हणा' असे सांगून एखादे वाक्य दिले की ते जसेच्या तसे म्हणता येत नाही. भाषा अनेक ठिकाणच्या सहकार्याने चालते, या कल्पनेचा पाया इथे घातला गेला.

५. इजेची जागा म्हणजे कामाचे घर नव्हे

इथून पुढे एक सोपा पण चुकीचा नकाशा लोकप्रिय झाला : पुढच्या भागात बोलणे, मागच्या भागात समजणे. शालेय पुस्तकांत तो अजून दिसतो. त्यातली खोट समजायला मुंबईची लोकल पुरे. कुर्ल्याला सिग्नल बिघडला की कल्याणपर्यंत गाड्या खोळंबतात. म्हणून गाड्या कुर्ल्यात तयार होतात, असे कोणी म्हणत नाही. एखाद्या जागी इजा झाल्याने काम थांबले, यावरून ती जागा त्या कामाला आवश्यक आहे एवढेच ठरते. ते काम तिथेच, आणि पूर्णपणे तिथेच होते, असे ठरत नाही.

ब्रोकाच्या रुग्णांबाबत हे प्रत्यक्षच दिसले. त्याने ते दोन मेंदू कापून न पाहता जतन केले होते. २००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स आणि सहकाऱ्यांनी त्यांचे एमआरआय केले. इजा पृष्ठभागावर दिसत होती त्याहून खूप खोल गेली होती आणि मेंदूचे पुढचे-मागचे भाग जोडणारे लांब तंतूही तिच्या तडाख्यात सापडले होते. केवळ ब्रोकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानशा भागाला इजा झाली, तर बोलणे बिघडते खरे, पण बहुधा काही आठवड्यांत पुष्कळसे परत येते. लबोर्न्यसारखी कायमची अवस्था व्हायला इजा अधिक पसरलेली आणि खोल असावी लागते. आजचे चित्र जाळ्याचे आहे. आवाज ओळखून त्यावरून अर्थाकडे जाणारा एक मार्ग कानशिलाच्या भागातून पुढे जातो. आवाजावरून उच्चाराकडे जाणारा दुसरा मार्ग वरच्या बाजूने कपाळाकडे वळतो. ऐकलेला नवा शब्द मूल लगेच म्हणून दाखवते, ते या दुसऱ्या मार्गाच्या भरवशावर.

६. 'ने', 'ला' आणि अर्धा सेकंद

हे जाळे वाक्य कसे उलगडते, ते दोन उदाहरणांवरून पाहू. पहिले वाक्य : 'पोळी मुलाने खाल्ली.' दुसरे : 'मीनाला राजूने ढकलले.' आता दोन्ही वाक्यांतले प्रत्यय काढून टाका. 'पोळी, मूल, खाणे' एवढ्यावरून कोणी काय खाल्ले हे कळते, कारण पोळी मुलाला खात नाही. 'मीना, राजू, ढकलणे' यावरून मात्र काहीच ठरत नाही. इथे सगळा भार 'ने' आणि 'ला' या दोन अक्षरांवर आहे. १९७६ मध्ये अल्फोन्सो कारामाझा आणि एडगर झुरिफ यांनी इंग्रजी बोलणाऱ्या, तुटक बोलणाऱ्या रुग्णांना याच प्रकारची वाक्ये ऐकवून त्यांच्याशी जुळणारी चित्रे निवडायला सांगितली. ज्या वाक्यांचा अर्थ व्यवहारज्ञानावरून लागतो ती त्यांना समजली. जिथे केवळ व्याकरणच वाट दाखवते तिथे त्यांचा गोंधळ झाला. तोवर समज होता, की या रुग्णांचे फक्त बोलणे जाते, समजणे राहते. व्याकरणाचे काम बोलण्यात आणि ऐकण्यात सामायिक आहे, आणि ते बिघडले की दोन्हीकडे झळ पोहोचते, हे या प्रयोगाने दाखवले. रोजच्या संभाषणात ते लपून राहते, कारण रोजची बहुतेक वाक्ये पोळीच्या जातीची असतात.

हे काम किती वेगात चालते, तेही मोजता येते. डोक्यावर विद्युत्-संवेदक लावून मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये लोकांना वाक्ये शब्दाशब्दाने वाचायला दिली. 'आईने चहात दोन चमचे रस्ता घातला' अशा धर्तीचे वाक्य आले, की विसंगत शब्द दिसल्यापासून सुमारे ४०० सहस्रांश सेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत, मेंदूच्या विद्युत्-लहरीत ठळक फरक उमटे. म्हणजे मेंदू वाक्य संपायची वाट पाहत नाही. पुढे काय येणार याचा अंदाज बांधत तो प्रत्येक शब्द येताक्षणी आधीच्या अर्थात बसवत जातो.

७. शब्द असतो, सापडत नाही

वाचाघाताच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला नाव आठवण्याची अडचण असते. स्पीच थेरपिस्ट रुग्णासमोर कंगवा धरतात. रुग्ण तो हातात घेऊन डोक्यावरून फिरवतो, म्हणजे वस्तू ओळखलेली आहे. तोंडाने येते : 'हे... केस... केसांचं ते...' थेरपिस्ट नुसते 'कं...' म्हणतात आणि रुग्ण चटकन 'कंगवा' म्हणतो. शब्द पुसला गेला असता तर पहिल्या अक्षराच्या इशाऱ्याने तो परत आला नसता. वस्तूचे ज्ञान, तिचे नाव आणि त्या नावाचा उच्चार या वेगळ्या पायऱ्या आहेत आणि अडखळ त्यांतल्या एकाच पायरीवर असू शकते. ही वर्गवारी कधी चकित करण्याइतकी बारीक असते. १९८५ मध्ये वर्णन झालेल्या एका अमेरिकन रुग्णाला मणिचौकटीसारख्या अप्रूप वस्तूचे नाव सांगता येत होते, पण संत्रे आणि पीच यांची नावे येत नव्हती. अडचण फळे आणि भाज्या यांपुरतीच होती.

याच्या उलट एक प्रकार घरच्यांना हमखास गोंधळात टाकतो. स्वतःचे नाव सांगू न शकणारा माणूस आरती सुरू झाली की शब्दांसह म्हणतो, दोनाचा पाढा घडाघडा म्हणतो, रागाच्या भरात शिवी देतो. मग 'मनात असलं की येतं बरोबर' असा आरोप होतो. तो अन्यायाचा आहे. पाठ केलेल्या ओळी, पाढे आणि उद्गार हे सबंध साखळीसारखे साठवलेले असतात. त्यासाठी नवे वाक्य जुळवावे लागत नाही, आणि त्यांत उजव्या गोलार्धाचाही वाटा असतो. लबोर्न्यची शिवीही याच जातीची. या निरीक्षणाच्या आधारे १९७३ मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी, रोजची वाक्ये सुरात आणि तालात म्हणवून घेत बोलण्याकडे आणण्याची उपचारपद्धती सुरू केली. ती काही रुग्णांना उपयोगी पडते, सगळ्यांना नाही.

८. भाषा म्हणजे आवाजही नव्हे

कोणी म्हणेल, हा सगळा कान आणि जीभ यांचा मामला असेल. डाव्या मेंदूत ती यंत्रणा आहे इतकेच. याचे उत्तर कर्णबधिरांच्या हातांनी दिले. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये उर्सुला बेलुगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून वा लहानपणापासून खुणांची भाषा वापरणाऱ्या पक्षाघातग्रस्तांचा अभ्यास केला. खुणांची भाषा हातांनी, डोळ्यांदेखत, मोकळ्या जागेत चालते, आणि जागेचे भान हे तर प्रामुख्याने उजव्या गोलार्धाचे काम. तरीही डाव्या गोलार्धाला इजा झालेल्यांच्याच खुणा बिघडल्या : कोणाच्या तुटक झाल्या, कोणाच्या व्याकरणात चुका होऊ लागल्या. उजव्या गोलार्धाला इजा झालेल्यांना साधे चित्र धड काढता येईना, पण त्यांच्या खुणांची भाषा शुद्ध राहिली. माध्यम आवाज असो की हात, त्यातून व्याकरण असलेली भाषा घडवण्याचे काम डावा गोलार्धच करतो.

९. भाषेवाचून चालणारा विचार

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. २००५ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठात रोझमेरी व्हार्ली आणि सहकाऱ्यांनी तीव्र वाचाघात असलेल्या तीन पुरुषांची परीक्षा घेतली. 'माणसाने सिंहाला मारले' आणि 'सिंहाने माणसाला मारले' या दोन वाक्यांत फरक काय, हे त्यांना सांगता येत नव्हते. पण कागदावर अंकांत मांडलेली गणिते ते सोडवत होते. मोठ्या संख्येतून लहान वजा करणे आणि लहानातून मोठी वजा करणे यांतला फरक त्यांना कळत होता. कंसातले आधी करायचे, हेही ते पाळत होते. म्हणजे क्रम बदलला की अर्थ बदलतो ही जाण वाक्यात हरवली होती आणि गणितात टिकून होती. गणिताचे व्याकरण भाषेच्या व्याकरणावर उभे असते, तर भाषेबरोबर तेही कोसळायला हवे होते.

संगीताची साक्ष मॉस्कोहून येते. विसारिओन शेबालिन हा सोव्हिएत संगीतकार. १९५३ आणि १९५९ मध्ये त्याला दोन झटके आले. दुसऱ्यानंतर त्याला धड बोलता येईना आणि दुसऱ्याचे बोलणेही नीट समजेना. तरी तो रचना करत राहिला. त्याची पाचवी सिंफनी १९६२ ची, म्हणजे भाषा गेल्यानंतरची. अलेक्सांद्र लुरिया या विख्यात मेंदूतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह या प्रकरणाचा सविस्तर अहवाल लिहिला. सिंफनी लिहिताना अनेक वाद्यांचे आवाज एकाच वेळी मनात धरावे लागतात आणि दीर्घ बांधणी सांभाळावी लागते. याला विचार म्हणायचे नाही, तर मग कशाला म्हणायचे?

निरोगी लोकांवरचे प्रयोगही हेच सांगतात. एव्हलिना फेदोरेन्को आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की वाक्ये वाचताना मेंदूचे जे भाग ठळकपणे कामाला लागतात, ते बेरीज करताना, आकडे लक्षात ठेवताना किंवा संगीत ऐकताना तसे कामाला लागत नाहीत.

१०. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या मताविरुद्धचा सर्वांत जुना आणि भारदस्त आक्षेप आपल्याच परंपरेत आहे. पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अशी भूमिका घेतली, की शब्दाने व्यापलेली नाही अशी जाणीवच नसते. आजचा सामान्य वाचकही वेगळ्या वाटेने तिथेच येतो : 'मी तर मनात शब्दांतच विचार करतो.' हा अनुभव खोटा नाही. भाषा ही विचाराची फार मोठी मदतनीस आहे. यादी मनात घोळवणे, स्वतःला बजावणे, गुंतागुंतीचा युक्तिवाद धरून ठेवणे हे शब्दांमुळे सोपे होते. पण एखादी गोष्ट नेहमी सोबत असते म्हणून ती अनिवार्य ठरत नाही. ती काढून घेतल्यावर काय होते, हे पाहूनच अनिवार्यता ठरते. निसर्गाने निर्दयपणे केलेला तो प्रयोग म्हणजे वाचाघात, आणि त्याचा निकाल वर आला आहे. भर्तृहरीची भूमिका तत्त्वज्ञानाच्या पातळीवर, जाणिवेच्या स्वरूपाविषयी, चर्चेला खुली आहे. बोली भाषा गमावलेला माणूस विचार करू शकत नाही, एवढा अर्थ तिच्यातून काढला, तर तो टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. वाचाघाताचे काही रुग्ण शब्द न लागणाऱ्या परीक्षांतही मागे पडतात. उदाहरणार्थ, चित्रांतून 'लाल असलेल्या सगळ्या वस्तू' अशा एकाच गुणावरून निवड करणे त्यांना जड जाते. हे मान्य करायलाच हवे. काही प्रमाणात त्याचे कारण असे, की शब्दाची खुंटी नसली तर एकच गुण वेगळा काढून धरणे कठीण जाते. काही प्रमाणात कारण साधे आहे : रक्तवाहिनी तुंबते तेव्हा ती भाषेची सीमा पाहत नाही, शेजारचे भागही मरतात. म्हणून प्रत्येक वाचाघातग्रस्ताची बुद्धी पूर्ण शाबूत असते, असा दावा कोणी जाणता माणूस करत नाही. दावा एवढाच आहे, की भाषेच्या बिघाडावरून बुद्धीचा बिघाड ठरवता येत नाही. तो वेगळा तपासावा लागतो. शिवाय भाषा हळूहळू, महिन्या-वर्षांत ओसरत गेली असेल, तर ते स्मृतिभ्रंशाच्या गटातल्या आजाराचे लक्षण असू शकते. तिथे विचारशक्तीही पुढे ढासळू शकते, आणि तो निवाडा डॉक्टरांनीच करायचा असतो.

११. दोन-तीन भाषा येणाऱ्यांचे काय?

आपल्याकडे घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी हे नेहमीचेच. झटक्यानंतर कोणती भाषा वाचते? फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन अभ्यासकांची दोन उत्तरे पुढे आली. रिबो म्हणाला, आधी शिकलेली. पित्र म्हणाला, जास्त वापरातली. पुढच्या नोंदींवरून दिसते, की बहुधा सगळ्याच भाषा सारख्या प्रमाणात बिघडतात आणि साधारण बरोबरीनेच सुधारतात. एखादीच भाषा परत येणे हा अपवाद आहे.

याहून महत्त्वाची माहिती हैदराबादहून आली आहे. निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झटक्यानंतर विचारशक्ती सामान्य राहिलेल्यांचे प्रमाण एकभाषकांत १९.६ टक्के होते, तर एकाहून अधिक भाषा येणाऱ्यांत ४०.५ टक्के. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखे होते. अधिक भाषांमुळेच हा फरक पडला असे एका अभ्यासावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण ज्या गोष्टीने विचारशक्तीला आधार दिल्यासारखे दिसते, तिने वाचाघात टळला नाही. भाषा आणि बुद्धी यांचे नफा-तोट्याचे खाते मेंदूत वेगळे आहे, या म्हणण्याला ही आकडेवारी दुजोरा देते.

१२. घरच्यांनी काय करावे

या सगळ्याचा घरच्या वागण्याशी थेट संबंध आहे. वाचाघात झालेला माणूस बहिरा झालेला नसतो, म्हणून ओरडून बोलू नये. लहान, सरळ वाक्ये बोलावीत आणि एका वेळी एकच विषय काढावा. 'काय खाणार?' यापेक्षा 'भात हवा?' असे विचारावे, म्हणजे मानेने उत्तर देता येते. वस्तू दाखवावी, महत्त्वाचा शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावा, चित्रे जवळ ठेवावीत. उत्तरासाठी थांबावे, त्यांचे वाक्य घाईने आपण पुरे करू नये. घराचे, पैशांचे, उपचारांचे निर्णय घेताना त्यांना समोर बसवून विचारावे. स्पीच थेरपी शक्य तितक्या लवकर, आणि रुग्ण ज्या भाषेत जगला त्या भाषेत सुरू करावी. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पण नंतरही थांबत नाही. वर्षांनंतरही नवे शब्द परत येऊ शकतात.

आणि वाचाघात होण्याआधीची एक गोष्ट. बोलता बोलता कोणाची जीभ अडखळू लागली, शब्द भलतेच येऊ लागले, तोंड वाकडे झाले किंवा हात उचलेनासा झाला, तर 'थोडं पडून राहा, बरं वाटेल' असे म्हणू नका. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायला हवा. १०८ ला फोन करा आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्या.